दोन लिटरात मळा

पेट्रोल पुन्हा वाढलं त्या आठवड्यात आमच्या सांगलीच्या घरात दोन गोष्टी झाल्या. आमच्या ह्यांनी स्कूटर अंगणात उभी करून माळ्यावरची जुनी सायकल खाली काढली, आणि जालन्याहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती फोनवर कधी रडत नाही, भांडते. त्या दिवशी मात्र तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "शैले, तुझ्या दाजींनी गाडीवर ताडपत्री घातलीय. दिवाळीपासून मी मळ्यावर गेले नाही. तू ये बाई."

मी लगेच बॅग भरली. भडंगाची पिशवी, हळद, अक्काला आवडणारे शेंगदाण्याचे लाडू. आमचे हे टायरमध्ये हवा भरता भरता म्हणाले, "जातेस तर जा. तिकडं कुणाकडं छोटी गाडी असली तर खरंच किती ॲव्हरेज देते ते बघून ये. शोरूमवाल्यांवर माझा विश्वास नाही." एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, याला आपल्याकडे ॲव्हरेज म्हणतात हे काय मी सांगायला हवं! त्या दिवसांत तर लग्नाचा मुलगा बघावा तसे लोक ॲव्हरेज बघत होते. रंग नको, रूप नको, पितो किती ते सांगा.

सांगली ते जालना हा प्रवास वर्णन करण्यासारखा नाही. पाठ, मान आणि स्वभाव तिन्ही आखडतात, एवढंच सांगते.

जालना

सकाळी उतरले तर थंडी कडाक्याची. पण आमच्या सांगलीची थंडी कृष्णेवरून ओली होऊन येते. इथली कोरडी ठणठणीत, बोलायला तोंड उघडलं की ओठ फुटतो. दाजी स्टँडवर मोटारसायकल घेऊन आले होते. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. उंच, काटकुळे, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, आणि हट्टी. असे हट्टी की खात्यानं त्यांना निवृत्त केलं की त्यांनी खात्याला, यावर आमच्या माहेरी अजून वाद आहे.

घरात शिरताना अंगणात ताडपत्रीखाली ती दिसली. आमची ढब्बी. दाजींची जुनी मोठी गाडी, बाजेएवढ्या रुंद सीटांची. तिच्यात एका वेळी किती माणसं बसली असतील याची गणती नाही. अर्ध्या गावच्या नवऱ्या तिच्यातून मांडवात उतरल्या. आता तिच्या टपावर बोरं वाळत घातली होती आणि आत मागच्या सीटवर मांजरीनं संसार थाटला होता. मला भरूनच आलं.

"अहो दाजी, काय ही दशा केलीत!"

"शैलाबाई, ही गाडी पेट्रोल पीत न्हाई. पेट्रोलनं आंघोळ करती," दाजी म्हणाले. "खर्चा कोण करणार?"

बिचाऱ्यांनी प्रयत्न कमी केले नव्हते, हेही खरं. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी घरंगळत सोडायची. हॉर्न वाजवायचा नाही, कारण बॅटरी शेवटी पेट्रोलवरच चार्ज होते. वजन कमी व्हावं म्हणून त्यांनी स्टेपनीही काढून घरात ठेवली होती. मग एक दिवस भोकरदनच्या रस्त्यावर टायर बसला, आणि स्टेपनी घरी देव्हाऱ्याच्या बाजूला. त्या दिवशी अक्का रस्त्याच्या कडेला दुपारभर बाभळीखाली बसली होती. तरी ती खूश होती म्हणे, का तर घराबाहेर तरी होती.

अक्काचं दुखणं गुडघ्यांचं. एसटीची पायरी तिला चढवत नाही, मोटारसायकलवर पाय दुमडून बसवत नाही. आणि तिचा जीव सगळा मळ्यावर. राजूरच्या पुढं, भोकरदनच्या अंगाला त्यांचा मळा आहे. तिथं तिची जाऊ रुक्मिणी राहते. दीर गेल्यापासून रुक्मिणी एकटीच मळा सांभाळते. या दोघी जावा म्हणजे सख्ख्या बहिणींना लाजवतील अशा. मी सख्खी आहे, मला लाजवलंय त्यांनी. दर आठवड्याला ढब्बीतून जायचं, दिवसभर रुक्मिणीबरोबर बांधावर बसायचं, संध्याकाळी भाजीची पाटी घेऊन परत यायचं, ही अक्काची रीत. ती बंद पडली होती. दाजी मोटारसायकलवर एकटे जायचे आणि अक्का खिडकीत.

दुपारी जेवायला येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. उकळत्या पाण्यात ढवळलं की आमटी तयार. आमच्याकडे आमटीला डाळ शिजवावी लागते हे सांगितलं की इकडच्या बायका आपल्याकडं कीव आल्यासारखं बघतात. वर ज्वारीची भाकरी, ठेचा, कच्चा कांदा. दोन घास पोटात गेल्यावर मी विषय काढला.

"दाजी, छोटी गाडी घ्या की."

"छोटी बी पेट्रोलचीच ना?"

"मग डिझेलची घ्या."

"डिझेल गाडीचा आवाज ऐकला का तुमी? ट्रॅक्टरवरच बसायचं तं मळ्यावर हाये की ट्रॅक्टर." मग जरा थांबून, भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "एक गाडी पाहून आल्तो मी. एमआयडीसीत. बियाण्याच्या प्लांटवर जाधवसाहेब म्हणून हायेत, त्यांची पांढरी छोटी इकायची हाय. ते म्हणतेत लई ॲव्हरेज देती. पर मी बोलण्यावर गाडी घेणारा माणूस न्हाई."

"मग?"

"माझी एक अट हाय. दोन लिटरात मळा. बाटलीत दोन लिटर पेट्रोल घालायचं, प्लांटच्या गेटातून निघायचं, अन् मळ्याच्या फाटकात गाडी उभी राह्यली पाहिजे. राह्यली तं घेतो. न्हाई तं विषय बंद. ढब्बी बी विकून टाकतो अन् मोटारसायकल जिंदाबाद."

"आणि अक्का?"

दाजींनी मान खाली घातली आणि आमटी भुरकली. "घरात काय कमी हाय तिला?"

अक्कानं भाकरीचं टोपलं दाणकन खाली ठेवलं. तिची भाषा आता अर्धी सांगलीची अन् अर्धी जालन्याची झालीय, पण राग आला की शुद्ध सांगली बाहेर येते. "मी काय लोणचं आहे होय, बरणीत घालून मुरवत ठेवायला? उद्या गाडी बघायला मी पण येणार. माझ्यासाठी गाडी आणि मीच नाही, हा कुठला न्याय?"

एमआयडीसी

दुसऱ्या दिवशी रिक्षानं निघालो. रस्त्याला सायकलींची आणि टेंपोंची रांग. रात्रपाळी सुटलेले लोक एकीकडून, सकाळपाळीचे दुसरीकडून. लोखंडाच्या कारखान्यांतून लालभडक सळ्या सळसळत बाहेर पडताना लांबूनही दिसत होत्या. पुढं बियाण्याचे प्लांट लागले तशी हवेत औषधाचा उग्र वास आला. सांगलीत हळदीचा वास मिरवणारी मी, मला शिंका थांबेनात.

जाधवसाहेबांची गाडी गेटाजवळ धुऊन पुसून उभी होती. इवलीशी, पांढरी, गोल. ढब्बीशेजारी उभी केली असती तर तिचं लेकरू वाटली असती. दाजींनी ओळखीचे युसूफ मिस्त्री आणले होते. युसूफभाईंचा 'बिलकुल' या शब्दावर भारी जीव. त्यांनी पेट्रोलची नळी टाकीपासून सोडवली आणि कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीला जोडली. बाटली डाव्या खिडकीच्या आरशाला सुतळीनं बांधली. म्हणजे इंजिन आता टाकीतलं नाही, बाटलीतलंच पेट्रोल पिणार. किती प्यायलं ते डोळ्यांनी दिसणार. जालन्यात गाडी घेताना ही चाल सर्रास आहे म्हणे. आमच्या सांगलीत आम्ही शेजाऱ्याला विचारतो, तो फुशारकी मारतो, आणि आम्ही फसतो.

"पुरेल का हो?" मी युसूफभाईंना हळूच विचारलं.

"बिलकुल! चार माणसं हायेत. पुरून उरतंय. उरलेल्यात माझी मोपेड राजूरला जाऊन येईल."

दाजी स्टेअरिंगवर, अक्का शेजारी, मागं मी आणि युसूफभाई. अक्काच्या नाकासमोर खिडकीबाहेर ती बाटली लोंबत होती. सलाईन लावलेल्या माणसाच्या उशाशी बसावं तशी ती बाटलीकडं बघत बसली. तिच्या मनात काय होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. त्या बाटलीतलं पेट्रोल मळ्यापर्यंत पुरलं तर ती सुटली, नाहीतर जन्मभर खिडकी.

राजूरच्या वाटेवर

गाव मागं पडलं आणि रान सुरू झालं. हे रान एकदा बघावंच. आमच्याकडे उसानं नजर अडते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती. इथं काळी जमीन पार आभाळापर्यंत गेलेली. मधे शाळू ज्वारी कणसांनी वाकलेली, वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, मधूनच मोसंबीची बाग गर्द. पाखरं कणसांवर तुटून पडत होती आणि मचाणावरून कुणीतरी डबा बडवत होतं. गाडी मजेत पळत होती. बाटलीतली रेघ अगदी सावकाश उतरत होती. युसूफभाई मागून "बिलकुल, बिलकुल" करत होते. मला वाटलं, झालं काम, आजच पेढे.

आणि एका फाट्यावर सरूबाई दिसली.

सरूबाई म्हणजे मळ्याच्या शेजारच्या वस्तीवरची म्हातारी. बोचकं घेऊन एसटीची वाट बघत उभी होती. तिनं हातबित काही केला नाही, नुसतं डोळ्यांवर हात धरून गाडीकडं बघितलं.

"थांबवा," अक्का म्हणाली.

"आज न्हाई," दाजी म्हणाले. "आज टेस्ट हाय."

"सरूबाई आहे ती! ती बघून राह्यली अन् आपण धूळ उडवत जायचं?"

दाजींनी दात-ओठ खाल्ले आणि ब्रेक मारला. इकडची ही रीत मला आधी ठाऊक नव्हती. आमच्याकडे गाडीवाल्याला हात करतात, विनंती करतात, तो थांबला तर थांबला. इथं वाटेवर आपल्या गावचं माणूस उभं असलं की गाडी थांबतेच. न थांबणाऱ्याचं नाव पुढं वर्षभर निघतं.

"आवो बाई! किती दिसांनी!" सरूबाई बोचक्यासकट माझ्या मांडीवरून आत आली. "म्या म्हनलं ही पांढरी गाडी कोनाची? ढब्बी कुठं गेली?"

पुढं थोडं गेलो तर एक धनगर, पांढरं मुंडासं, काखेत कोकरू. कोकराच्या पायाला पट्टी. अक्का काही बोलायच्या आत गाडी थांबली होती! दाजींचा पाय आपोआपच ब्रेकवर गेला.

"आता का थांबलात?" मी ओरडलेच.

"अहो, मल्हारी हाय. आपल्याच मळ्यात मेंढ्या बसवल्यात त्यानं." खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात, ज्यांच्या लेंड्यांवर आपली ज्वारी येणार त्यांच्या मालकाला उन्हात कसं सोडायचं, हा दाजींचा सवाल. मल्हारी जालन्याच्या गुरांच्या दवाखान्यातून कोकराचा पाय बांधून परत निघाला होता. युसूफभाई उठून मागच्या डिकीत जाऊन बसले, त्यांच्या शेजारी मल्हारी आणि मल्हारीच्या मांडीवर कोकरू.

मी बाटलीकडं बघितलं. "अक्के," मी पुढं वाकून म्हटलं, "आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेयस हं. आता देवालासुद्धा थांबायचं नाही."

आणि पुढच्याच वळणावर भर उन्हात एक तरणी सून, कडेवर तान्हं लेकरू, सोबत तिचा म्हातारा सासरा. एसटी आताच चुकली होती. लेकरू रडून लाल झालं होतं. दाजी माझ्याकडं आरशातून बघायला लागले. आता मघाशी एवढं बोललेली मी. पण त्या लेकराचं तोंड बघून मलाच राहवेना. "बघता काय दाजी," मी म्हटलं, "घ्या की त्यांना!"

लेकरू अक्काच्या मांडीवर गेलं आणि गप्प झालं. मागं आम्ही असे बसलो की कुणाचा हात कुणाचा ते कळेना. गाडी चढावर धापा टाकायला लागली आणि बाटलीतली रेघ सरसर खाली येऊ लागली. पुढं सांगलीला परतल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, खरा ॲव्हरेज किती? मी म्हटलं, वाटेत किती ओळखी आहेत त्यावर.

राजूर

राजूर आलं आणि मी म्हटलं, सरळ पुढं चला. तर गाडीत सगळे एकदम, "गनपतीचं दर्शन न घेता?" डिकीतून युसूफभाईसुद्धा म्हणाले, "असं न्हाई करायचं ताई, बिलकुल न्हाई." मग काय, थांबलो. सांगलीचा आमचा गणपती नदीकाठी ऐसपैस बसलाय, दाराशी हत्ती असल्यासारखा थाट. राजूरचा टेकावर. चतुर्थी नव्हती म्हणून गर्दी बेताची. अक्काला वर चढवेना; तिनं खालूनच कळसाकडं बघून हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. मी वर जाऊन आले. देवाला मी कधी काही मागत नाही, आधीच त्याच्यामागं रांग असते. पण त्या दिवशी मागितलं. म्हटलं, गणराया, तुला हसू येईल, पण बाटली तेवढी पुरव.

खाली येऊन बघते तर गाडीभोवती घोळका. एक जण बाटलीकडं बोट दाखवून दुसऱ्याला सांगत होता, "गाडीची तब्येत बरी न्हाई वाटते." सासऱ्यानं आग्रह करून सगळ्यांना चहा पाजला. सुनेनं माझ्या हातावर पेढा ठेवला. दाजी चहा पिताना एकसारखे बाटलीकडं बघत होते. तळाला कपभर चहाएवढं काहीतरी उरलं होतं.

मळा

मळ्याची विहीर दिसली, विहिरीवरची चिंच दिसली, आणि गाडीनं एक आचका दिला. मग दुसरा. मग ती निवांत थांबली.

दाजींनी चावी फिरवून बघितली, उगाच. "संपलं," ते म्हणाले. "पुरलं न्हाई."

अक्का लेकराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "असू दे," ती अगदी शांतपणे म्हणाली. "एवढं आले, रान बघितलं. पुष्कळ झालं."

तिनं आदळआपट केली असती तर मला चाललं असतं. ते 'पुष्कळ झालं' ऐकून माझं डोकंच फिरलं. "दाजी, लाज वाटू द्या थोडी! एवढी माणसं भरल्यावर कुठली गाडी पोचणार होती? तुम्ही पण थांबलातच की! माझी बहीण तुमच्या एका अटीपायी..."

"काय झालं काय पर?" सरूबाईनं विचारलं. युसूफभाईंनी डिकीतून तिला अट समजावून सांगितली: दोन लिटरात फाटकाशी गाडी उभी राहिली तर घ्यायची, नाहीतर बाई घरीच. सरूबाईनं ऐकलं आणि बोचकं माझ्या अंगावर टाकून ती खाली उतरली.

"मंग ढकला की! बसल्या काय?"

मल्हारीनं कोकरू अक्काच्या ओटीत दिलं. सासऱ्यानं धोतर खोचलं. सुनेनं पदर खोचला. युसूफभाई, मी, सगळे मागं लागलो. अक्का उतरायला बघत होती तर सरूबाई ओरडली, "तुमी बसा बाई! तुमच्यासाठीच तं हाय ही वरात!" एका मांडीवर लेकरू, एका मांडीवर कोकरू, पुढं तोंड पाडून स्टेअरिंग धरलेले दाजी, आणि मागं आम्ही. बांधावरची दोन माणसं पळत येऊन मिळाली. कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं. गाडी अशी गेली की बाटलीवरसुद्धा तशी गेली नसती.

फाटकाशी गाडी उभी राहिली. "घ्या," सरूबाई धापा टाकत म्हणाली. "पोचली. पेट्रोल दोन लिटरच लागलं ना?"

"ढकलून आणलेली धरायची न्हाई," दाजी म्हणाले. हट्टी ते हट्टीच.

तेवढ्यात रुक्मिणी धावत आली. हाताला ज्वारीचा कोंडा तसाच. तिनं दार उघडलं, अक्काला दोन्ही हातांनी धरून बाहेर काढलं, आणि दोघी तिथंच, फाटकात, एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. कोकरू मधे सापडलं ते ओरडायला लागलं तेव्हा सुटल्या.

"बाई, तुमी न्हाई तं मळा खायला उठून राह्यला मला," रुक्मिणी म्हणाली. "अन् हे भाऊजी! येतेत, बांधाबांधानं फिरतेत, चहा बी घेत न्हाईत. जेवा म्हनलं तं म्हनतेत, एकट्याला घास उतरत न्हाई इथं."

दाजी एकदम विहिरीत किती पाणी आहे ते बघायला निघून गेले.

सून, सासरा आणि लेकरू पुढच्या वस्तीवर गेले, पण हुरडा खाऊन. हुरडा काय वर्णावा! शेणीच्या आरात, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, भाजलेली कोवळी कणसं, तळहातावर चोळून गरम गरम दाणे, सोबत जवसाची चटणी, गूळ, घट्ट दही. हुरडा सांगलीतही मिळतो, पण ताटलीत. इथं भाजणारा भाजत असतो, चोळणारी चोळत असते, आणि आपण नको म्हणेपर्यंत हातावर पडत राहतो. 'नको' हा शब्द मात्र तिथं कुणाला ऐकू येत नाही. अक्का बांधावर पाय पसरून बसली होती, रुक्मिणी शेजारी. दोघी कुणाच्या तरी नाकावरून हसत होत्या. दिवाळीपासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं.

शेजारच्या मळ्यातला एक जण मोटारसायकलवर राजूरला निघाला होता, त्यानं कॅनमधून पेट्रोल आणलं. युसूफभाईंनी बाटली पुन्हा भरून बांधली. दाजी म्हणाले, "चला, ऊन कललं. निघू."

"तुम्ही निघा," अक्का बसल्या जागेवरून म्हणाली. "मी येत नाही."

"म्हंजे?"

"मी राहते इथं. तुम्ही न्यायला या. मोटारसायकलवर मला बसता येत नाही, एसटीत चढता येत नाही, ढब्बी तुम्ही काढत नाही. कशानं न्यायचं ते आता तुम्हीच ठरवा. मला घाई नाही."

"अन् माझ्या जेवणाचं?"

"डब्यात येसर आहे. पाणी उकळता येतं ना?"

सरूबाई तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले, काय लपवू! चाळीस वर्षांत मी अक्काला नवऱ्यापुढं असं ठाम बसलेलं बघितलं नव्हतं.

परत

येताना आम्ही तिघंच. मी म्हटलं पुढं बसते, तर दाजी म्हणाले, "मागंच बसा." पुढची सीट रिकामी. एसटी नुकतीच माणसं उचलून गेली असावी. एकाही फाट्यावर ओळखीचं कुणी उभं नव्हतं. गाडी वाऱ्यासारखी पळत होती आणि खिडकीबाहेरच्या बाटलीतली रेघ हलायचं नाव घेईना. युसूफभाईंना आनंद आवरेना.

"पाहा साहेब, पाहा! राजूर मागं पडलं अन् अजून अर्ध्याच्या वर हाय! म्या म्हनलं न्हवतं? बिलकुल!"

दाजींनी बाटलीकडं बघितलं नाही. ते रस्त्याकडं बघत होते आणि मधून मधून शेजारच्या सीटकडं. एकदा तर काहीतरी सांगायला त्यांनी तिकडं तोंड वळवलं, "ऐकलं का," एवढं म्हणाले आणि थांबले. मी मागं बसून न ऐकल्यासारखं केलं. मघाशी त्यांची लाज काढली होती त्याचं मला वाईट वाटलं.

प्लांटच्या गेटाशी जाधवसाहेब वाट बघत उभे होते. गाडी थांबायच्या आधीच त्यांनी बाटलीकडं मान लांबवली. "काय साहेब, किती दिला ॲव्हरेज?"

"ॲव्हरेज राहू द्या," दाजी म्हणाले. "ही पुढची सीट अजून मागं सरकती का ते दाखवा. आमच्या मंडळीला गुडघ्याचा त्रास हाय."

जाधवसाहेबांनी सीटखालची दांडी ओढून सीट मागं सरकवली. दाजी स्वतः जाऊन तिथं बसले. दोन्ही पाय लांब केले, दुमडले, पुन्हा लांब केले.

"बस," ते म्हणाले. "चावी माझ्याकडंच राहू द्या. उजाडता मळ्यावर जायचंय."